सुटलं की सोडलं?

"अर्थधाऱ्याच्या घरात सून होऊन जाऊ नकोस गं बाई," लग्न ठरलं तेव्हा भार्गवीच्या मावशीने तिला बजावलं होतं. "तिथे मीठ मागितलंस तरी आधी मीठ म्हणजे काय, मागणाऱ्याचा अधिकार कोणता, आणि मीठ द्यावं की वाढावं, यावर दीड तास जाईल. तोवर आमटी निवेल."

भार्गवी हसली होती. "मावशी, मी पाच वर्षं धारवाडला कायदा शिकले. दीड तास म्हणजे काहीच नाही." आणि ती बेळेगद्द्याच्या तिम्मप्पा हेगड्यांची धाकटी सून झाली.

मावशीचा अंदाज फक्त एका बाबतीत चुकला. वाद मिठावरून झाला नाही, पोफळीवरून झाला.

तिम्मप्पा हेगडे एकाहत्तर वर्षांचे. शिरशीच्या पंचक्रोशीत ताळमद्दळ्याला त्यांच्या तोडीचा अर्थधारी नव्हता. वेश नाही, नाच नाही. देवळाच्या ओट्यावर मांडी घालून बसायचं, भागवताने पद म्हणायचं, मद्दळ्यावर थाप पडायची आणि मग त्या पदाचा अर्थ पात्राच्या तोंडून, पदरच्या शब्दांत, समोरच्या पात्राला निरुत्तर करत मांडायचा. कथा ठरलेली, बोलणं मोकळं. हे मोकळं बोलणं ते घरीही आणत. आणि बोलून झालं की कमरेला कोयता लावून, पायात दोरीचं कडं अडकवून, सरळ पोफळीवर चढत. घोस बघायला, औषध मारायला, कधी नुसतंच. वर गेले की उतरून दुसऱ्या झाडावर चढण्याचा कंटाळा म्हणून झाड झुलवून पलीकडच्या झाडाला मिठी मारत. पन्नास वर्षं हेच चाललं होतं.

पण गेल्या वर्षीपासून त्यांना चक्कर येऊ लागली होती. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या, उंचावर जायचं नाही म्हणून सांगितलं. आणि नऊ दिवसांपूर्वी विहिरीजवळच्या पोफळीवरून ते दोन पुरुष उंचीइतके खाली घसरत आले, ते भार्गवीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून आपल्या डोळ्यांनी पाहिलं. त्या झाडाच्या बुंध्याशी तिची अडीच वर्षांची धृती आज्जाच्या चपला पायात घालून फिरत होती. तेव्हापासून भार्गवीला जेवण जात नव्हतं. ती दर पाच मिनिटांनी बागेकडे बघायची आणि एखाद्या बुंध्याशी त्या चपला दिसल्या की हातातलं काम टाकून धावायची.

"मामंजी, डॉक्टर काय म्हणाले होते?" घसरण्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी धणेजिऱ्याच्या कषायाचा पेला पुढे ठेवत तिने विचारलं.

"म्हणाले, उंच जागी उभं राहायचं नाही. मी कुठे उभा राहतो? मी पोफळीला मिठी मारून असतो."

"परवा घसरलात."

"कोण म्हणतं घसरलो? झाड हातातून सुटलं. मी जागच्या जागी होतो, झाडच वर गेलं."

सासूबाई ताक घुसळता घुसळता खुदकन हसल्या. "बोल, आता बोल त्यांच्याशी. चव्वेचाळीस वर्षं झाली, मी अजून एकदासुद्धा जिंकले नाही."

"आत्ते, तुम्ही तरी काही म्हणा ना."

"मी म्हणणं कधीच सोडलं. मी उपास धरते."

भार्गवीचा नवरा श्रीपाद सोसायटीत कामाला. त्याला सांगितलं तर म्हणाला, "अप्पांशी मी काय बोलणार? कायदा तू शिकलीयस." एवढं बोलून त्याने मोटारसायकलला किक मारली.

मग भार्गवीने दोरीचं कडं तांदळाच्या पिंपात लपवलं. मामंजींनी गाईचं दावं सोडून नवं कडं केलं. तिने तेही लपवलं. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "असू दे. धृतीच्या पाळण्याची दोरी चांगली मजबूत दिसते." भार्गवीने दोन्ही कडी निमूटपणे खुंटीला आणून अडकवली.

"शिकलीस ते पेटीत आणि पेटी माळ्यावर," ते मिशीत हसत म्हणाले. "विद्या काढायची म्हटली तरी माळ्यावर चढायला माझ्यासारखा म्हातारा लागेल तुला!"

हे तिला लागलं. कारण ते खरं होतं. सनद घेतली आणि दोन महिन्यांत धृती पोटात आली. त्यानंतर तिने एकच खटला चालवला होता, तो म्हणजे धृतीने भिंतीचा चुना खावा की खाऊ नये. तोही ती हरली होती.

श्रावणातला रविवार होता. देवळात दुपारी जेवणं झाल्यावर ताळमद्दळे होतं. प्रसंग 'वज्रकेतू'. गावच्याच एका जुन्या शाळामास्तरांनी रचलेला आणि बेळेगद्द्याबाहेर कुणी कधी न ऐकलेला. वज्रकेतू राजाच्या हाती दैवी बाण असतो. लढाईच्या आदल्या दिवशी देवी जोगिणीच्या रूपाने दारी येते आणि राजाकडून शब्द मागून घेते. राजा शब्द देतो, तो पाळतो, आणि मरतो. तीस वर्षं वज्रकेतू तिम्मप्पाच करत आले होते.

सकाळी दहाला भागवत सुब्राय भट धापा टाकत अंगणात आले. "तिम्मप्पा, घोटाळा झाला. नरसिंह मास्तरचा घसा बसलाय. कोंबड्यासारखा आवाज येतोय. जोगीण कोण करणार?"

"हात्तिच्या! आमची सून करेल," मामंजी अडकित्ता बाजूला ठेवत म्हणाले. "जोगिणीचं काम ते किती? आली, मागितलं, गेली. तीन वाक्यं. वकीलच आहे, पण तीन वाक्यांची फी घेणार नाही."

"मला नाही जमणार," भार्गवी आतून म्हणाली. "धृती झोपेतून उठली की मला शोधते."

"झोपेल माझ्या मांडीवर," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकले होते. चव्वेचाळीस वर्षांत त्यांना जे सुचलं नव्हतं, ते बहुधा तेव्हा सुचलं.

"पद तरी कुठलं आहे?" भार्गवीने विचारलं.

सुब्राय भटांनी तिथेच पायरीवर बसून मांडीवर ताल धरला आणि म्हणून दाखवलं. जोगीण मागते ते एवढंच: *सुटले जे हातिचे, पुन्हा न धरी हाती.* म्हणजे एकदा सोडलेला बाण राजाने पुन्हा धनुष्याला लावायचा नाही.

भार्गवीच्या हातातला डाव आमटीत तसाच राहिला. तिने परत विचारलं, "'सोडले' नाही ना? 'सुटले'च आहे?"

"सुटले. प्रसंग रचणाऱ्या शाळामास्तरांच्या हातचं आहे, बदलायचं नाही."

"मग बसते मी," ती म्हणाली.

चार वर्षं स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडून तिने मामंजींचा अर्थ ऐकला होता. सुपारी सोलताना ते राजा होत, गाईला चारा घालताना मंत्री. कुठे थांबायचं, कुठे समोरच्याला मान द्यायचा आणि मान देता देता कुठे त्याच्या पायाखालची चटई ओढायची, हे तिच्या कानांत मुरलं होतं. कधी तोंडाने बोलली नव्हती, एवढंच.

देवळात साठेक माणसं होती. भार्गवी ओट्यावर मांडी घालून बसली. एक डोळा राजाकडे, एक धृतीकडे. पोरीच्या हाती कुणी सुपारीचं खांड तर दिलं नाही ना?

पद संपलं. मद्दळ्याची थाप पडली.

"ये जोगिणी," वज्रकेतू गरजला. "माग. या दारातून आजवर कुणी रिकाम्या झोळीने गेलं नाही."

आता तीन वाक्यं म्हणायची होती. भार्गवीने घसा साफ केला.

"मागेन राजा. पण भीक घेण्याआधी घर बघावं अशी आमच्या जोग्यांची रीत आहे. धान्य देतो तो दाता. शब्द देतो तो कोण?"

मामंजींची भुवई किंचित वर गेली. हे प्रसंगात नव्हतं. पण मागे हटणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "शब्द देतो तो राजा."

"आणि दिलेला शब्द परत घेतो तो?"

"तो राजाचा जावई असावा."

सभा हसली. भार्गवीही हसली आणि जरा पुढे सरकून बसली.

"मग ऐक माझं मागणं. हातातून एकदा जे सुटलं, ते पुन्हा हाती धरू नकोस."

इथे राजाने तळहातावर पाणी सोडून शब्द द्यायचा आणि जोगिणीने उठून जायचं. सुब्राय भटांनी टाळ उचललाही. पण जोगीण राजाच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती त्याच्या छातीकडे बघत होती. शेल्याखालून नऊ दिवसांपूर्वीचं खरचटलेलं डोकावत होतं तिथे.

तिम्मप्पा हेगडे काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी शेला वर ओढला. सुनेकडे पाहिलं. पदातला शब्द मनात एकदा फिरवला. आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण जेवणाच्या पंक्तीत नाही, खिंडीत बसलो आहोत.

"थांब," ते म्हणाले. सुब्राय भटांचा टाळ हवेतच राहिला. "देण्याआधी काय देतोय ते बघायला हवं. सुटलं म्हणजे काय गं जोगिणी? बाण सुटतो की सोडला जातो?"

"राजा, तू धनुर्धर. मी झोळीवाली. तूच सांग."

एवढं म्हणायचा अवकाश, मामंजी रंगात आले. हाच त्यांचा आवडता प्रांत. "धनुर्धर म्हणतो, मी बाण सोडला. खोटं! तो फक्त ताणतो. बोट ढिलं कधी झालं हे बोटालासुद्धा कळत नाही. झाडाने पान सोडलं असं आपण म्हणतो का? पान सुटतं. लेक माहेर सोडते? माहेर सुटतं. अगं, जगात सोडणारा कुणी नाही. सोडलं हा माणसाचा ताठा, सुटलं हीच खरी गोष्ट!"

"वा!" मागून कुणीतरी म्हणालं.

धारवाडला एक म्हातारे प्राध्यापक शिकवत, साक्षीदार रंगात आला की वकिलाने पाणी प्यावं. भार्गवीने शेजारचा तांब्या उचलला आणि सावकाश पाणी प्यायली. मामंजी आणखी पाव तास बोलले. नदी, मेघ, वासरू, म्हातारपण सगळं सुटून झालं. दोन आज्ज्यांनी डोळे पुसले.

तांब्या खाली ठेवून भार्गवीने हात जोडले. "धन्य राजा. माझी बुद्धी थोडी. नीट समजलं का बघते. माणसाने आपण होऊन हात काढला काय, किंवा हात निसटला काय, दोन्ही सुटणंच?"

"दोन्ही सुटणंच."

"भर सभेत सांगतोस?"

"भर सभेत."

"मग दे शब्द."

मामंजींनी हात तांब्याकडे नेला आणि मागे घेतला. आपण काय बोलून बसलो ते त्यांना आत्ता दिसलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "आणि न दिला तर?"

"तर मी इथेच बसते. मला घाई नाही. माझं लेकरू तिकडे निजलंय."

सभेत खसखस पिकली. सुब्राय भटांना आतलं काही ठाऊक नव्हतं, पण पुढची चौदा पदं बाकी होती. त्यांनी तेच पद पुन्हा म्हटलं. राजा मिशीच कुरवाळत राहिला. तिसऱ्यांदा म्हटलं, जरा वरच्या पट्टीत. आता तिम्मप्पांपुढे दोनच वाटा होत्या. एक तर शब्द द्यायचा, नाही तर प्रसंग मोडायचा. पन्नास वर्षांत त्यांनी ना शब्द मोडला होता, ना प्रसंग. पण प्रसंग मोडला असता तर सुब्राय भटांनी पुढच्या सात पिढ्यांना सांगितलं असतं.

त्यांनी तळहातावर पाणी घेतलं. "दिला. या हातातून एकदा जे सुटलं, ते हा हात पुन्हा धरणार नाही."

जोगीण उठून गेली. पोफळीचं नावसुद्धा तिने तोंडातून काढलं नव्हतं.

घरी येताना मामंजी सगळ्यांच्या पुढे चालले. फाटकापाशी फक्त एवढंच म्हणाले, "पाणी चांगल्या वेळी प्यायलीस."

त्या रात्री भार्गवी पोटभर जेवली.

सकाळी तव्यावर घावन पसरताना तिने सवयीने खिडकीतून पाहिलं. गोठ्यामागच्या पोफळीच्या बुंध्याशी चपला होत्या. नीट, शेजारी शेजारी.

धृतीला काखोटीला मारून, पिठाच्या हातानेच ती धावली. मामंजी पायात कडं अडकवत होते. अजून जमिनीवरच होते, देवाची कृपा.

"मामंजी! शब्द!"

"शब्द वज्रकेतूने दिला," ते न वळता म्हणाले. "तो बिचारा काल संध्याकाळी पाचला लढाईत मेला. तू बघितलंस की."

"तुम्ही 'हा हात' म्हणालात. वज्रकेतूला हात कुठला? मुकुट नाही, रंग नाही, वेश नाही. शेला तुमचा, आवाज तुमचा, ओट्यावर पाणी सोडलं तो हात तुमचा."

मामंजी वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चांगलं जेवण पुढे आल्यावर येतो तसा तजेला होता. "बरं. हात माझा. पण सुटलं ते एकच झाड, विहिरीजवळचं. त्याला मी आता लांबूनच नमस्कार करतो. हे निराळं."

"याच्यावर पूर्वी कधी चढलात?"

"पूर्वी? तुझा नवरा जन्मायच्या आधीपासून."

"मग उतरलाही असाल."

"नाही तर काय, वरच संसार मांडला?"

"उतरलात तेव्हा झाड हातातून सोडलंत?"

"सोडलं."

"सोडलं की सुटलं?"

मामंजी खाली वाकून पायातलं कडं उगीच चाचपू लागले. बागेत कुठेतरी एक पिकली सुपारी टपकन पडली. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

"साठ माणसांसमोर म्हणालात, दोन्ही सुटणंच. आपल्या जबाबावर माणसाला मागून पाठ फिरवता येत नाही. कायद्यात कलम आहे."

"कुठलं?"

"एकशेपंधरा. आता नवा कायदा आला, आकडा बदललाय. पोफळ तीच आहे."

गोठ्यातून सासूबाईंचं हसू ऐकू आलं. त्या धारेची बादली घेऊन बाहेर आल्या ते डोळे पुसतच. "आता बोला की हो! या बागेत तुम्ही चढून उतरला नाहीत असं एक झाड दाखवा. एक!"

मामंजींनी बागेवरून नजर फिरवली. अकराशे झाडं. सगळी त्यांच्या मिठीतली. खालच्या वाफ्यात या वर्षी लावलेली रोपं होती, पण ती धृतीच्या कमरेएवढी. धृती काखेतून सटकून त्यातल्या एकाला मिठी मारून उभीही राहिली होती.

"हरलो," मामंजी म्हणाले.

भार्गवीच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी बादली खाली ठेवली आणि कमरेवर हात देऊन नवऱ्याकडे नुसत्या बघत राहिल्या, जणू हा क्षण लोणच्यासारखा बरणीत भरून ठेवायचा होता. तिघं ओट्यावर बसली. मामंजींनी मुकाट्याने रक्तदाबाची गोळी घेतली, दोन घावनं खाल्ली आणि कषाय प्यायले. तिसरं घावन हातात धरून ते डोंगराच्या बाजूला बघत मिशीतल्या मिशीत हसले.

ते हसू भार्गवीला आवडलं नाही.

"शेजारच्या परमय्याच्या बागेत पोफळी किती असतील गं?" त्यांनी सहज विचारलं.

"सहाशे असतील. का?"

"त्यातल्या एकीलाही मी आजवर हात लावला नाही. तीस वर्षं बोलणं नाही ना आमचं, बांधावरून. हाती धरलं नाही ते हातातून सुटणार कसं?" ते उठले. कडं खांद्यावर टाकलं. "उगीच किती दिवस वैर धरायचं? म्हातारपणी माणसाने मिटवून घ्यावं."

"मामंजी, निदान कमरेला दोर बांधा!"

"तो मागितला नव्हतास. जोगिणीने मागायचं ते एकदाच आणि सगळं मागून घ्यायचं असतं. पुढच्या खेपेला लक्षात ठेव." आणि ते चपला पायात सरकवून, शब्द तंतोतंत पाळत, बांध ओलांडून गेले.

भार्गवीने परमय्यांना फोन लावला. तर परमय्यांचा आवाज भरून आलेला. "अगं, तीस वर्षांनी तिम्मप्पा आपण होऊन माझ्या दारात आला! रडला बघ माझ्या गळ्यात पडून. म्हणाला, तुझ्या चार पोफळींना हात लावू दे. नाही कसं म्हणू मी?"

"परमय्याकाका, त्यांना चक्कर येते हो!"

"मलाही आली बघ, त्याला दारात बघून!"

सहाशे पोफळी. प्रत्येकीवर एकदाच, हे त्यांनी कबूल केलंय आणि ते पाळतीलही. रोज चार म्हटलं तरी पाच महिने. तोवर भार्गवी नवं मागणं रचते आहे. या खेपेला एकही शब्द मोकळा सोडणार नाही. नरसिंह मास्तरांचा घसा आणखी थोडे दिवस बसलेलाच राहावा म्हणून तिने त्यांच्याकडे आवळ्याचं लोणचंही धाडलं आहे. पण परमय्यांची बाग बांधापलीकडे, डोंगराच्या आड आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती दिसत नाही, आणि धृतीला टाकून ती दर पाच मिनिटांनी बांधावर जाऊ शकत नाही.

म्हणून तुम्हाला एक सांगणं आहे. शिरशीहून बेळेगद्द्याच्या बसने जाणार असाल तर शेवटच्या वळणाआधी डाव्या हाताला परमय्यांची बाग लागते, तिथे खिडकीतून बाहेर बघा. वारा पडलेला असताना शंभर झाडं स्तब्ध आणि एकच शेंडा डोलताना दिसला, तर कंडक्टरला सांगून दोन मिनिटं उतरा. खाली उभं राहून "हेगडे, बरे आहात ना?" एवढं विचारा, आणि ते काय म्हणाले ते भार्गवीला कळवा. हाक मात्र हळू मारा. दचकायला नकोत.